तीन मिनिटं चाळीस सेकंद

बारामतीच्या कऱ्हाकाठ क्रीडा मंडळाच्या बास्केटबॉल स्पर्धेला यंदा पंचवीस वर्षं होणार म्हणून मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि महिला गटाच्या बाद फेरीचा इतिहास लिहायचं काम अंजली सोनवणेच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असंच म्हणायचं. पुरुष गटाच्या इतिहासाला सोळा पानं आणि रंगीत फोटो, बायकांना दोन पानं, तीही काळीपांढरी. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब स्वतः इंदापूरला आले, पोस्टात अंजलीच्या खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमी पयल्या वर्षापासनं खेळलाय. तुमच्याइतकं कुणाला ठावं न्हाय. फक्त जरा आटपशीर लिवा."

अंजली जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून लिहायला बसायची. पहिलं वर्ष सोपं होतं. चार संघ आले होते, बारामती, सुपे, पणदरे आणि कळंब. पोरी सलवार-कमीजवर खेळल्या, ओढणी कमरेला आवळून. पंचांनी नुसतं विचारलं की ओढणी काढून ठेवता का, तर सुप्याच्या एका पोरीच्या चुलत्यानं भर मैदानात पंचांची गचांडी धरली. तिसऱ्या वर्षी महिलांचा अंतिम सामना सकाळी साडेसहाला ठेवला, कारण संध्याकाळी पुरुषांचा होता. बघायला मैदान झाडणाऱ्या दोघीजणी, बाकी चिटपाखरू नाही. सातव्या वर्षी महिला गटाचा कप आणायलाच मंडळी विसरली. मग कबड्डीचा एक उरलेला कप जिंकलेल्या पोरींना दिला. त्याच्यावर मांडी थोपटणारा मिशीवाला गडी होता. हे सगळं अंजलीनं जसंच्या तसं लिहिलं, आणि लिहिताना एकटीच हसली.

दुसरं वर्ष तेवढं तिनं मागं ठेवलं होतं. मंडळाच्या दप्तरात त्या वर्षासमोर एकच ओळ होती. संयुक्त विजेते, पणदरे व कळंब.

आता हे संयुक्त प्रकरण काय होतं ते सांगायलाच पाहिजे, कारण ज्यांनी ते केलं त्यांना त्यात काही वावगं केलं असं आजही वाटत नाही. अंतिम सामना होता. कळंबची कर्णधार अंजली, वय वर्षं एकवीस. पणदऱ्याची कर्णधार वृषाली जगताप, तीही तेवढीच. चौथा डाव चालू, पणदरे बेचाळीस, कळंब एकेचाळीस, तीन मिनिटं चाळीस सेकंद बाकी. अंजली बास्केटखाली घुसली, वृषालीचा धक्का तिला लागला, पंचांची शिट्टी झाली आणि अंजलीला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही पडले तर कळंब एकनं पुढं. ती रेषेवर उभी राहिली. तिनं चेंडू दोनदा आपटला, श्वास घेतला, आणि तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली.

आमच्याकडं पाहुण्यांची गाडी आली की सगळं थांबतं. लग्न लागत असलं तर मंगलाष्टकं थांबतात, तिथं बायकांच्या बास्केटबॉलला कोण विचारतो? निवेदकानं खेळ थांबवायची विनंती केली. पंच होते सर्जेराव सर, शाळेत पीटी शिकवायचे. त्यांनी अंजलीच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि म्हणाले, "पाच मिनिटं थांब पोरी, सत्कार उरकू दे." सत्कार एकसष्ट झाले. पाहुण्यांचा झाला, पाहुण्यांच्या मेहुण्यांचा झाला, मंडप घालणाऱ्याचा झाला, ज्याच्या दुकानातून शाली आणल्या त्यालासुद्धा त्याचीच एक शाल पांघरली. पोरी घाम वाळवत मैदानाच्या कडेला उकिडव्या बसून राहिल्या. तोवर दिवस कलला, मैदानाला दिवे नव्हते, आणि पोरींना घरी जायला उशीर नको हा कळवळा सगळ्यांना एकदम आला. मग पाहुण्यांनीच माईकवर जाहीर करून टाकलं की दोन्ही संघ आमच्याच लेकी, दोन्ही विजयी. टाळ्या पडल्या.

अंजली घरी आली. तिचे वडील धोंडीबा रेडिओ बंद करून उठून बसले. वाट बघून बघून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी विचारलं, "जिकली का हरली?"

"दोन्ही न्हाय, आबा. संयुक्त विजेते म्हणं."

धोंडीबा म्हणजे आयुष्यात खूप काही बघितलेला माणूस. म्हणाले, "आपल्याला अर्धं द्यायचं आन वर उपकार दाखवायचं. पार हरली असतीस तरी मला चाललं असतं बघ. हरलेलं तरी आपलं सवताचं असतं." सहा वर्षांपूर्वी ते वारले. अंजलीनं जिंकलेले तीन कप घरात होते, पण म्हातारा कुणालाही त्या न झालेल्या सामन्याचीच गोष्ट सांगायचा.

तर अंजलीनं स्मरणिकेसाठी दुसऱ्या वर्षापुढं लिहिलं की अंतिम सामना अपुरा राहिला, पणदरे बेचाळीस, कळंब एकेचाळीस, तीन मिनिटं चाळीस सेकंद आणि दोन फ्री थ्रो बाकी, कारण सत्कार. आप्पासाहेबांनी ते वाचलं आणि लाल पेनानं काट मारली.

"ताई, झालं गेलं. कशाला उकरताय? उलट तुमाला गोड बातमी हाय. रौप्यमहोत्सवात तुमच्या दोनी संघांचा सत्कार ठरवलाय. संयुक्त विजेते म्हणून. शाल, श्रीफळ, साडी."

अंजलीच्या डोक्यात तिडीकच गेली. ती आवाज न चढवता म्हणाली, "साडी नगं आप्पासाहेब. सत्काराला पाऊण तास ठेवलाय न्हवं? त्यातली चार मिनिटं द्या. राहिलेला सामना खेळून घेतो."

आप्पासाहेब आधी हसले. मग ती हसत नाही हे बघून त्यांचा चेहरा पडला. "आवो, तुमची वयं काय! कुणाचा गुडघा गेला, कंबर गेली, तर मंडळाचं नाव खराब. आन पाहुण्यांम्होरं हे बरं दिसंल का? माणूस मानानं शाल घालतोय, ती घ्यावी. सत्काराला आजवर कुणी न्हाय म्हणलेलं मी बघितलं न्हाय."

हे मात्र ते खरं बोलले. आमच्या भागात माणूस निवडणुकीला नाही म्हणेल, जेवणाला नाही म्हणेल, पण सत्काराला नाही म्हणत नाही. तापानं फणफणलेला माणूस रिक्षा करून शाल घ्यायला येतो.

अंजली उठून बाहेर पडली आणि पुढच्या रविवारी स्कूटी काढून थेट पणदऱ्याला गेली. वृषालीचा दुधाचा धंदा होता, बारा म्हशी, स्वतःचं संकलन केंद्र. अंगणात कॅन धुणं चाललं होतं. इतक्या वर्षांत दोघी लग्नकार्यात चारदोनदा भेटल्या असतील. तरी अंजलीनं प्रस्तावना न करता विचारलं, "ये, तुला ती राहिलेली तीन मिनिटं आठवतात का गं?"

वृषालीनं हातातला ब्रश खाली ठेवला. "आठवतात का म्हणं! आमी एकनं म्होरं होतो. लोक म्हणले, कळंबवाल्या जिकणार होत्या, पाहुणा आला म्हणून पणदरं वाचलं. माझ्या सासरी अजून म्हणतात, हिचा कप म्हंजी पाहुण्यानं दिलेला कप. तुला काय वाटतं, तुझंच नुकसान झालं व्हय?"

अंजलीला हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं ती आपल्याच दोन फ्री थ्रोचं दुःख उगाळत बसली होती. तिला वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

"मग खेळायचं का?" ती म्हणाली.

"आप्पासाहेब न्हाय म्हणलं असतील."

"म्हणलेत की."

"मग तर खेळायचंच," वृषाली म्हणाली. "पण आत्ताच सांगून ठिवते, माझा डावा गुडघा गेलाय, तरी तुला सोडायची न्हाय. मैतरीण म्हणून आलीस तरी मैदानात मी तुला वळखत न्हाय."

अंजली परतताना रस्ताभर खूश होती. पुढचे तीन आठवडे कळंबच्या बायका रोज पहाटे ग्रामपंचायतीमागच्या मैदानावर पळू लागल्या. मूळ पाचातल्या चौघी जमल्या. पाचवी लग्न होऊन गुजरातेत गेली होती, तिच्या जागी कौसल्या आली. त्या दिवशी ती बाकावर होती आणि एक मिनिटही खेळली नव्हती. ती म्हणाली, "माझा सामना तर तवा सुरूच झाला न्हवता." उंच सारजा, जी तेव्हा बास्केटखाली कुणाला फिरकू देत नव्हती, ती आता नातवाची आजी होती. दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली, ती मैदानात फतकल मारून बसली आणि अंजलीला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन उभी.

महोत्सवाचा दिवस उजाडला. मैदानाला आता झकास दिवे होते, मंडप होता, खुर्च्यांना झालरी होत्या. यंदाचा महिला अंतिम सामना संध्याकाळी साडेसहाला, त्याआधी पाऊण तास सत्कार. प्रमुख पाहुणे वेळेवर आले, हे एक आक्रीतच. शाली वाटायला सुरुवात झाली. चौदा सत्कार झाल्यावर निवेदकानं आवाज चढवून कळंब आणि पणदऱ्याच्या रणरागिणींना व्यासपीठावर बोलावलं.

रणरागिणी आल्या त्या बूट घालून आणि जुन्या क्रमांकाचे शर्ट घालून. शर्ट नवे शिवले होते, जुने कुणाला होणार! लोकांत खसखस पिकली. पाहुण्यांनी शाल उलगडून हात पुढं केले. अंजलीनं दोन्ही हात जोडले आणि ती एक पाऊल मागं सरकली.

"माफ करा साहेब. शाल न्हाय घेणार."

पाहुण्यांचे हात तसेच हवेत राहिले. त्यांना वाटलं रंग आवडला नाही. आप्पासाहेब पुढं झाले आणि दातओठ खात कानाशी बोलले, "ताई, तमाशा करू नगा."

अंजलीनं निवेदकासमोरचा माईक ओढून घेतला. तिचा आवाज कापत होता, राग आला की तिचा आवाज कापायचाच. "मंडळी, आमी विजेत्या न्हाय. आमचा सामनाच पुरा झाला न्हाय. तीन मिनिटं चाळीस सेकंद बाकी हाईत. सत्कारापायी तो सामना मोडला, आता सत्कारापायीच तो मोडलेला ठेवायचा म्हणतात. आमाला शाल नगं, साडी नगं. आमी खेळणार, मग कोण जिकलं ते लिवा. परवानगी मागून झाली, मिळाली न्हाय. म्हणून आता मागत न्हाय."

ती व्यासपीठावरून उतरली. तिच्यामागं वृषाली, मग सारजा, मग बाकीच्या. दहाजणी मैदानात जाऊन उभ्या राहिल्या. यंदाच्या संघातल्या पोरी तिथं सराव करत होत्या. त्यांनी गुपचूप मैदान सोडलं आणि एकीनं आपल्या हातातला चेंडू अंजलीला दिला. आप्पासाहेब निवेदकाकडून माईक घेऊन सांगत होते की कृपया मैदान रिकामं करावं, पुढचे सत्कार बाकी आहेत. कुणी ऐकेना.

आता सामना म्हटला तर पंच पाहिजे. अधिकृत पंच आप्पासाहेबांकडं बघत चुळबुळत राहिले. तेव्हा पहिल्या रांगेतून सर्जेराव सर उठले. पंच्याहत्तरीचा माणूस, डोक्यावर सत्काराचा फेटा, खांद्यावर सत्काराची शाल. दोन्ही काढून त्यांनी खुर्चीवर ठेवलं आणि ते काठी टेकत मैदानात आले.

"शिट्टी द्या कुणीतरी," ते म्हणाले. शिट्टी मिळाली. मग त्यांनी अंजलीकडून चेंडू घेतला, तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "त्या दिवशी माझ्या हातात शिट्टी व्हती, पोरी. मी थांबायला नगं व्हतं. पेन्शन जवळ आली व्हती, भ्यालो." एवढं बोलून त्यांनी चेंडू तिला परत दिला. "दोन फ्री थ्रो. पणदरं बेचाळीस, कळंब एकेचाळीस. घड्याळ लावा."

गुणफलक सांभाळणाऱ्यानं आप्पासाहेबांकडं न बघता आकडे लावले. अंजली रेषेवर उभी राहिली. ह्या दोन फ्री थ्रोंनी तेवीस वर्षं तिला छळलं होतं. झोपेत दोन्ही पडायचे, जागेपणी एक पडायचा. तिनं पहिला टाकला तो कडीला लागून बाहेर उडाला. कुणीतरी हळहळलं. तिनं शर्टाला हात पुसला आणि दुसरा टाकला. पडला. बेचाळीस-बेचाळीस.

मग जे झालं ते बघायला तुम्ही पाहिजे होता. चाळिशी ओलांडलेल्या दहा बायका जीव खाऊन पळत होत्या. वृषाली लंगडत आली, लंगडता लंगडताच तिनं कौसल्याला हूल दिली आणि चेंडू टाकला. पणदरे दोननं पुढं. सारजानं बास्केटखाली दोघींना पाठीनं रेटून चेंडू वर ठेवला, बरोबरी. लोक आधी हसत होते, आता उभे राहिले. खुर्च्या मागं सरकल्या, झालरी फाटल्या. मग मिनिटभर कुणालाच काही जमेना. सगळ्यांच्या छातीचे भाते झाले होते. कौसल्यानं आयुष्यातला पहिला बाद फेरीतला चेंडू पकडला आणि घाबरून तो सरळ अंजलीला दिला. अंजली एकटी निसटली आणि तिनं तो आत घातला. सेहेचाळीस-चव्वेचाळीस. कळंब पुढं. चाळीस सेकंद.

पाहुणे खुर्चीच्या कडेवर आले होते. मघाची शाल त्यांनी नकळत स्वतःच्याच मांडीवर घेतली होती.

पणदऱ्यानं चेंडू फिरवला. कळंबच्या सगळ्या बास्केटखाली गोळा झाल्या, कारण लंगडणारी वृषाली लांबून टाकेल असं कुणाला वाटलं नाही. हीच चूक झाली. वृषाली मोठ्या कमानीबाहेर थांबली, तिथून तिनं टाकला आणि तो कडीला न शिवता पडला. तीन गुण. सत्तेचाळीस-सेहेचाळीस. अठरा सेकंद उरले.

अंजलीनं चेंडू घेतला आणि सगळ्या मैदानातून ओढत नेला. समोर वृषाली आडवी आली. दोघी एकदम उडाल्या. चेंडू कडीवर बसला, एक गिरकी घेतली, आणि बाहेर पडला. भोंगा वाजला.

"फाउल हाय!" सारजा किंचाळली. "हाताला लागलंय तिच्या!"

सर्जेराव सरांनी शिट्टी फुंकली नाही. अंजलीनं सारजाचा हात धरून तिला खाली बसवलं. "न्हाय लागलं," ती म्हणाली. "माझाच चुकला."

वृषाली जमिनीवर गुडघा धरून बसली होती आणि तिच्या संघातल्या बायका तिच्या अंगावर पडून हसत होत्या. टाळ्या थांबेनात. आणि अशा वेळी आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. माणूस वाईट नव्हता, त्याला सगळ्यांना खूश ठेवायची खोड होती, इतकंच. त्यांनी माईक उचलला.

"वा! काय झुंज दिली आमच्या लेकींनी! एका गुणाचा काय तो फरक. अशा खेळात कुणी हरत नसतं, मंडळी. मी अध्यक्ष या नात्यानं जाहीर करतो की दोन्ही संघ..."

"आप्पासाहेब."

अंजली मैदानातूनच बोलली. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ती चालत व्यासपीठाशी आली. केस कपाळाला चिकटलेले, शर्ट घामानं काळा झालेला.

"पणदरं जिकलं. कळंब हरलं. एका गुणानं हरलं. तसंच लिवायचं, आन माझ्या नावासकट लिवायचं. कर्णधार अंजली धोंडीबा सोनवणे, पराभूत. ह्यात कुणाला वाटा देऊ नगा."

पाहुण्यांनी आप्पासाहेबांच्या हातातून माईक हळूच काढून घेतला, आणि म्हणाले, "विजेते, पणदरे." एवढंच. कप वृषालीला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी वर धरला आणि ती ओरडली, काय ओरडली ते तिलाही कळलं नसेल.

अंजली मैदानाच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग तिला रडू फुटलं, हरलेल्या माणसाचं असतं तसलं. कौसल्या डोळे पुसायला पदर शोधत तिच्याकडं आली, पण शर्टाला पदर कुठला? आप्पासाहेब "जाऊ द्या ताई, मनाला लावून घेऊ नगा" म्हणत जवळ आले. अंजलीनं रडता रडताच हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं.

"रडू द्या," ती म्हणाली. "हरलोय आमी."